अंडपेशीची निश्चिती (फळमाशी)

फळमाशीच्या अंडाशयात एकमेकींना जोडलेल्या 16 भगिनी पेशींपैकी एकच अंडपेशी होते. बाकीच्या 15 तिच्या पोषक पेशी बनतात. ही निवड मुख्यतः पेशीकंकालामुळे (पेशीतल्या प्रथिन-तंतूंच्या सांगाड्यामुळे), त्यातही सूक्ष्मनलिका या त्यातल्या बारीक नळ्यांमुळे घडते. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे याच कुळातली असून प्रयोगशाळेत ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर ही जाती वापरतात.

मूलपेशीपासून निघालेली पेशी 4 वेळा विभागते, पण विभाजन पुरते होत नाही. पेशींमध्ये रिंग कॅनाल नावाच्या खिडक्या उघड्या राहतात. या खिडक्या मोजल्या की सगळी वंशावळ कळते : 8 पेशींना एकेक, 4 पेशींना दोन-दोन, 2 पेशींना तीन-तीन आणि उरलेल्या दोघींना चार-चार. अंडपेशी होते ती या शेवटच्या दोघींतलीच एक.

जनुके सोळाही जणींत तीच असतात. फरक पडतो तो फ्यूझोममुळे. स्पेक्ट्रिन प्रथिन व पटलांनी बनलेली ही फांद्याफांद्यांची रचना खिडक्यांतून सर्व पेशींत पसरते. मात्र पहिल्या विभाजनापासूनच तिची वाटणी असमान होते. जिच्या वाट्याला ती जास्त येते, तीच बहुधा अंडपेशी ठरते. शॉट हे प्रथिन फ्यूझोम आणि सूक्ष्मनलिका यांना जोडते, पॅट्रोनिन हे प्रथिन नलिकांची ऋण टोके (प्रत्येक नलिकेच्या दोन भिन्न टोकांपैकी एक) स्थिर करते. त्यामुळे ही टोके त्या एका पेशीत एकवटतात. डायनीन हे नलिकांवरून माल वाहणारे प्रेरक प्रथिन ऋण टोकाकडेच चालते, म्हणून बायकॉडल-डी व इगॅलिटेरियन या जोडीदार प्रथिनांच्या मदतीने ते आरएनए आणि प्रथिने तिथे आणून टाकते. सुरुवातीचा किंचित फरक या वाहतुकीने वाढत जातो.

याचा पुरावा अगदी थेट आहे. माश्यांना कॉल्चिसीन दिले की सूक्ष्मनलिका मोडतात आणि सोळाच्या सोळा पेशी पोषक होतात. इगॅलिटेरियन जनुक बिघडले तरी तेच घडते. ‘समतावादी’ हे त्याचे नाव त्यावरूनच पडले, आणि ते चपखल आहे : सगळ्या समान झाल्या की अंडे होत नाही.

पुढे पोषक पेशी डीएनएच्या अनेक प्रती करून फुगतात, तर अंडपेशी अर्धसूत्री विभाजनात थांबून राहते. शेवटी ॲक्टिन व मायोसिनच्या आकुंचनाने पोषक पेशी आपला जीवद्रव्याचा साठा त्याच रिंग कॅनालमधून अंडपेशीत रिकामा करतात आणि मरून जातात. तयार होणारे अंडे सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते.