जुलाबात पाणी तोडू नका

‘जुलाब लागले की पाणी बंद करा, प्यायलेलं सगळं खालून जातं’ हा समज जळगाव-धुळ्याकडे अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे; मे महिन्यातल्या खान्देशी उन्हात तर घातकच.

पातळ जुलाबातलं बरंचसं पाणी आतड्याच्या अस्तरातून येतं. तिथल्या मज्जातंतूंनी अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप देणारं रसायन सोडलं की ते पेशींवरच्या मस्कॅरिनिक ग्राहींना (निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि मिठातलं क्लोराइड आतड्याच्या पोकळीत उतरतं. मागोमाग सोडियम, मग पाणी. व्हीआयपी (व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड) हे मज्जातंतूंचं दुसरं रसायन पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवून तेच करतं. कॉलऱ्याचं विष तर या ग्राहींना वळसा घालून पेशीच्या आतूनच सायक्लिक एएमपी वाढवतं. पिणं थांबवून यातलं काहीच थांबत नाही.

ग्लुकोजसोबत सोडियम, आणि मागोमाग पाणी, पेशीत परत घेणारं वाहक प्रथिन मात्र बहुधा शाबूत असतं. ओआरएस (जलसंजीवनी) त्याच्याच जोरावर चालतं. लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. अंदाजाने अर्धं नको. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जादा साखर उलट पाणी आतड्यात खेचते. जादा मीठ लहान मुलांना धोक्याचं. उलटी झाल्यास १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले किंवा मूल सुस्तावलं तर लगेच दवाखाना गाठा.