साउंड कार्ड सॉफ्टवेअरला सापडत नाही? दुकानात आणण्याआधी हे वाचा

“कार्ड लावलंय, दिवाही लागलाय, पण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही.” अशी तक्रार घेऊन आलेली बरीचशी यूएसबी साउंड कार्डं आमच्या टेबलावर लावली की मुकाट्याने चालू होतात. मग ग्राहक विचारतात, काही बिघडलंच नव्हतं तर तपासणीचे पैसे कसले? रास्त प्रश्न आहे. म्हणूनच हे पत्रक. कार्ड आमच्याकडून घेतलेलं असो वा नसो, खालच्या गोष्टी लागू पडतात.

पहिला प्रश्न: दिसत नाही ते कुणाला? विंडोजला की सॉफ्टवेअरला? हे ठरवल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नका. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ ही ओळ उलगडा. कार्ड काढून परत लावा. यादीत एखादं नाव जाऊन परत आलं, तर विंडोजला कार्ड दिसतंय. नाव डब्यावरचंच असेल असं नाही. बेहरिंगर यूएम-२ तिथे ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ म्हणून येतं आणि लोक ‘बेहरिंगर’ शोधत बसतात.

यादीत काहीच हललं नाही, तर आधी केबलवर संशय घ्या. कार्डावरचा दिवा फक्त वीज पोचल्याचं सांगतो. यूएसबी २ च्या केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन डेटाच्या असतात. फक्त चार्जिंगसाठीच्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागतो, बाकी शांतता. टाइप-सी केबल असेल तर तीच मोबाइलला लावून कॉम्प्युटरवर फोटो उघडतात का बघा. चौकोनी तोंडाची असेल तर तीच प्रिंटरला लावून एक पान छापून बघा. डेस्कटॉपवाल्यांनी पुढचं पोर्ट सोडून मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरावं. ॲडॅप्टर नसलेला हब तर नकोच. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतं, आणि हबवर तेवढ्यातच माउस, पेनड्राइव्ह आणि कार्ड भागवायचं असतं. ४८ व्होल्टचं (माइकला वीज देणारं) बटण दाबताक्षणी कार्ड गायब होत असेल, तर पहिला संशय अपुऱ्या विजेवर घ्या.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. विंडोजला कार्ड दिसतंय, सॉफ्टवेअरला दिसत नाही, आणि मग माणूस व्हिडिओ बघून एकामागून एक ड्रायव्हर (कार्ड कसं चालवायचं ते कॉम्प्युटरला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकत सुटतो. एएसआयओ-फोर-ऑल, त्यावर ड्रायव्हर पॅक, शेवटी फॉरमॅट. आमच्याकडे असा लॅपटॉप आला की निम्मा वेळ हा पसारा काढण्यातच जातो. खरं काम पाच मिनिटांचं असतं.

एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीची पद्धत. तिच्यामुळे सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट कार्डाशी बोलतं, म्हणून आवाज उशिरा ऐकू येत नाही. पण क्यूबेस, रीपर यांसारखी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर धरतात. क्यूबेस स्वतःचा एक ड्रायव्हर सोबत आणतं, एफएल स्टुडिओ आपला आणतं. यादीत चार नावं जमतात आणि निवडलेलं असतं भलतंच. कार्ड बिचारं पाचवं.

तुमच्या कार्डाचा कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर असेल, तर फक्त तोच टाका. आधी ड्रायव्हर, मग रीस्टार्ट, मग कार्ड. नंतर सॉफ्टवेअरमध्ये जाऊन तो स्वतः निवडा, कारण निवड आपोआप होईलच असं नाही. रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस. क्यूबेसमध्ये स्टुडिओ, स्टुडिओ सेटअप, ऑडिओ सिस्टिम.

एएसआयओ-फोर-ऑल वाईट नाही, पण तो कुठल्याच कार्डाचा ड्रायव्हर नाही. विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. यूएम-२ सारख्या कार्डाला तो उपयोगी पडतो. तो वापरत असाल तर त्याच्या पॅनेलमध्ये कार्डाच्या नावाशेजारचं बटण चालू करा आणि इतर नावं बंद ठेवा. नावावर लाल फुली दिसली तर कार्ड बहुधा दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. ब्राउझरचा टॅब, झूम, मीट, सगळं बंद करून परत बघा.

ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळं. तिच्या ३ क्रमांकाच्या तयार आवृत्त्यांत एएसआयओ नसतंच, त्यामुळे शोधू नका. ऑडिओ सेटअपच्या होस्टमध्ये ‘विंडोज वासापी’ (विंडोजची स्वतःची पद्धत) घ्या. ऑडॅसिटी कार्डांची यादी उघडतानाच वाचते. नंतर लावलेलं कार्ड तिला दिसत नाही. ऑडिओ सेटअपमध्ये ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस’ करा किंवा बंद करून उघडा. ‘एरर ओपनिंग साउंड डिव्हाइस’ असं आलं, तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) विंडोजमध्ये ४८,००० आणि प्रोजेक्टमध्ये ४४,१०० असा तर नाही ना, ते बघा. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

कार्ड यादीत आहे, कार्डावरचा दिवा आवाजाबरोबर लुकलुकतोय, पण ट्रॅकवर सरळ रेघ? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन इथे जा. पानाच्या खालच्या बाजूला ‘लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युवर मायक्रोफोन’ हे बटण असतं, ते चालू हवं. वरच्या यादीत रीपर शोधू नका, सापडणार नाही. मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून प्रत्येक सॉफ्टवेअर माइकची परवानगी मागतं. घाईत नकार दिला असेल तर तोही प्रायव्हसीतच बदलता येतो, मात्र नंतर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून उघडा. आणि हो, माइक दुसऱ्या सॉकेटमध्ये आणि ट्रॅक ‘इनपुट १’ वर, असंही होतं.

आता तपासणीच्या पैशांबद्दल. आम्ही कार्ड आमच्या लॅपटॉपवर चालवून परत देत नाही. ते तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्याच केबलने, तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवतो, आणि वेळ तिथेच जातो. कार्ड आमच्याकडून घेतलं असेल तर पहिली जोडणी आणि ड्रायव्हर आम्ही फुकट करून देतो. खरेदीला येतानाच लॅपटॉप आणा. थोडी किंमत जास्त असली तरी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असलेलं कार्ड घ्या असं आम्ही सुचवतो, ते याच कटकटीमुळे. फक्त पॉडकास्ट किंवा ऑनलाइन क्लास असेल, तर यूएम-२ पुरतं, तसं आम्ही स्पष्ट सांगतोही.

पाच मीटरची यूएसबी केबल आमच्याकडे मागू नका, ठेवत नाही. यूएसबी २ ची ती शेवटची मर्यादा आहे. माणूस लांब बसणार असेल तर माइकची एक्सएलआर वायर लांब घ्या, ती खुशाल दहा मीटर चालते. तपासून ठेवलेल्या दीड मीटरच्या डेटा केबल काउंटरवर आहेत.

एवढं करूनही जमलं नाही तर येण्याआधी व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवा: डिव्हाइस मॅनेजरची ती उलगडलेली ओळ, आणि सॉफ्टवेअरमधलं ऑडिओ डिव्हाइसचं पान. बऱ्याचदा उत्तर तिथूनच देता येतं, आणि त्याचे पैसे घेत नाही. यावंच लागलं तर कार्डाबरोबर लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि घरी वापरता तीच केबल आणा.