नाव बदलतं, बांध हलत नाही

२००९ सालच्या मार्चमध्ये ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा गेम आला आणि त्यात मराठे होते. कोपऱ्यात शोभेला उभे केलेले नव्हेत, खेळाडूला स्वतः हाती घेता येतील असे. काळ १७०० ते १७९९, समोर औरंगजेबाची मुघल सत्ता, किनाऱ्यावर फिरंगी. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या पोरांनी तो गेम लावला त्यांनी पहिल्याच बैठकीत हिंदुस्थानचा नकाशा जवळ ओढला आणि आपलं गाव शोधलं. गुजरात होता, माळवा होता, वऱ्हाड होता. तापीच्या खोऱ्यावर मात्र शेजाऱ्यांचीच हद्द चढलेली. खानदेश नावाचा प्रांतच नव्हता.

तो नसण्याचं फारसं दुःख करण्यात अर्थ नाही. अख्खं जग नकाशात बसवायचं तर काही प्रांत गळणारच. पण गेममध्ये नसलेली गोष्ट आपण घालायची, याला खेळाडूंच्या भाषेत मॉड करणं म्हणतात, आणि तोवर त्यांना त्याची चांगली सवय लागली होती. खानदेश घालायचा म्हटल्यावर कळलं की या नकाशाला हातच लावता येत नाही. स्ट्रॅटेजी गेमच्या, म्हणजे राज्य आणि फौज डावपेचाने चालवायच्या गेमच्या, खेळाडूंमध्ये अपुऱ्या मॉडिंग साधनांबद्दल आज जी चिडचिड दिसते, तिची मुळं समजून घ्यायला हे उदाहरण मला सोयीचं वाटतं. शिवाय ते घरचं आहे.

आधी सवय कशी लागली ते सांगतो. आमच्या पिढीची सुरुवात ‘एज ऑफ एम्पायर्स २’ पासून झाली. १९९९ च्या या गेममध्ये सिनारिओ एडिटर, म्हणजे स्वतःचा नकाशा आणि लढाई रचायचं अवजार, सोबतच मिळायचा. भुसावळच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी बऱ्हाणपूरजवळचा अशीरगड बांधला होता. डोंगर, त्यावर तटबंदी, खाली अकबराची फौज. गड पुरा व्हायच्या आत भारनियमनाची वेळ झाली आणि सेव्ह न केलेला अशीरगड वीज गेल्याबरोबर पडला. खऱ्या अकबराला १६०१ च्या जानेवारीपर्यंत थांबावं लागलं होतं.

त्या एडिटरमध्ये नवं सैन्य किंवा नवी संस्कृती घडवता येत नसे. ती गरज चाहत्यांनी स्वतः बनवलेल्या अवजारांनी भागवली. त्यातून ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ नावाचा मोठा मॉड उभा राहिला आणि २०१३ मध्ये तोच ‘द फॉरगॉटन’ या नावाने अधिकृत विस्तार म्हणून विकायला आला. त्यात भारतीय संस्कृतीही होती. हौशी माणसाचं काम दुकानात गेलं, ही गोष्ट प्रत्येक मॉडरच्या मनात घर करून बसली आहे.

‘टोटल वॉर’ मालिकेतही आधी दार सताड उघडं होतं. २००६ च्या ‘मेडिइव्हल २’ चा नकाशा म्हणजे एक साधं चित्र असे. प्रत्येक प्रांताला एक वेगळा रंग. त्या रंगात एक काळा ठिपका म्हणजे शहर, पांढरा ठिपका म्हणजे बंदर. शेजारी एक मजकुराची फाइल, तिच्यात रंगाचा आकडा आणि प्रांताचं नाव. एवढंच. चित्र रंगवण्याच्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅमात सीमा पुसून नवी काढता यायची. प्रांतांची एकूण संख्या २०० च्या आत ठेवावी लागे, सत्ता ३१ च्या वर जात नसत, आणि एखादा ठिपका चुकला की गेम काही न सांगता बंद पडायचा. तरीही याच चित्रांवर ‘थर्ड एज’ सारखा अख्खा काल्पनिक भूखंड उभा राहिला, आणि ‘ब्रोकन क्रिसेंट’ने तर युरोप बाजूला सारून नकाशा पश्चिम आशियापासून हिंदुस्थानपर्यंत ओढून आणला. हे सगळं कंपनीने फार मदत केली म्हणून झालं नाही. फाइली माणसाला वाचता येतील अशा होत्या, म्हणून झालं.

‘एम्पायर’मध्ये इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्रॅम, नवं आलं. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान अशी तीन रणांगणं, समुद्रावर तोफांच्या लढाया, आणि जमिनीवर शहरापासून वेगळी काढलेली गावं, शाळा, बंदरं. त्यासाठी डोंगरांची उंची, रस्ते, कुठून कुठे जाता येतं याचे हिशोब, प्रांतांच्या हद्दी, हे सगळं आधीच शिजवून संगणकालाच कळेल अशा रूपात बंद केलेलं होतं. रंगीत चित्र गेलं. ज्या अवजारांनी ते शिजवलं ती स्टुडिओच्या आतच राहिली.

चाहते गप्प बसले नाहीत. पॅक फाइल मॅनेजर नावाचं अवजार त्यांनीच तयार केलं आणि बंद गाठोडी उघडली. सैन्याचे आकडे, तोफांचा पल्ला, कर, इमारती, सगळं बदलता येऊ लागलं. निक थोमाडिस यांचा ‘डार्थमॉड’ याच काळात गाजला. लढाईतला संगणकाचा शहाणपणा त्याने इतका सुधारला की अनेकांनी मूळ गेम पुन्हा तसाच खेळला नाही. थोमाडिस पुढे स्वतःच गेम बनवू लागले. सुरुवातीची परिस्थिती साठवणारी फाइलही लोकांनी उलगडली. प्रांत कोणाच्या ताब्यात, कुठे किती फौज, कोणता सरदार किती वयाचा, हे बदलता आलं.

म्हणजे शेजारच्या एखाद्या प्रांताचं नाव पुसून ‘खानदेश’ लिहिणं जमत होतं. शहराचं नाव बऱ्हाणपूर करता येत होतं. प्रांताची हद्द मात्र तशीच राहायची. सातबाऱ्यावर नाव चढलं, पण बांध होता तिथेच. आमच्यातला एक चोपड्याचा मित्र तेव्हा म्हणाला होता, “भो, नाव टाकलं म्हणजे गाव वसतं का?” गेली पंधरा वर्षं या विषयावर मी जे जे ऐकलं, त्यात यापेक्षा नेमकं काही सापडलेलं नाही.

हद्दीचा एवढा आग्रह कशाला, असं कोणी विचारेल. कारण त्या शंभर वर्षांत खानदेश ज्याच्या त्याच्या हातात फिरत होता, आणि स्ट्रॅटेजी गेमला अशीच जमीन लागते. १७०० मध्ये तो मुघलांचा सुभा, ठाणं बऱ्हाणपूरला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम दख्खनमध्ये स्वतंत्रपणे पाय रोवतो आणि खानदेश त्याच्या सावलीत जातो. मराठ्यांची चौथाई आधीपासून चालूच. १७५२ च्या भालकीच्या तहाने तापी ते गोदावरीमधला मुलूख पेशव्यांकडे येतो. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर आणि अशीरगडही. म्हणजे गेमचा काळ आणि खानदेशच्या हस्तांतराचा काळ तंतोतंत एकच. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारी वाट या खोऱ्यातून आणि अशीरगडाच्या पायथ्यावरून जाते. हा प्रांत वेगळा नसला की पेशव्यांच्या फौजा माळव्यात अशा उतरतात, जणू सातपुडा म्हणजे शेताची ताल आहे. चिडचिड निव्वळ अस्मितेची नव्हती. नकाशा चुकला की खेळही चुकतो.

पुढचा टप्पा जास्त त्रासदायक ठरला, कारण त्यात दार अर्धं उघडलं. २०१२ मध्ये ‘शोगन २’ साठी आणि पुढच्या वर्षी ‘रोम २’ साठी असेंब्ली किट नावाचा अधिकृत संच दिला गेला. त्यात तक्ते बदलायला एक अवजार, युद्धभूमी घडवायला टेरी नावाचं दुसरं, आणि सगळं पुन्हा बांधून गेममध्ये घालायला बॉब नावाचं तिसरं. लोकांनी मनापासून स्वागत केलं. मग लक्षात आलं की मोहिमेचा मोठा नकाशा, म्हणजे जिथे खरा गेम घडतो तो, या संचाच्या मुख्य वाटेवर नाहीच. लढाईचं मैदान बनवा, राज्याची हद्द नको. बंद दाराची माणसाला सवय होते; फटीतून आतलं दिसत राहिलं की ती होत नाही. नाराजीचा सूर त्या काळात वाढला याचं मला नवल वाटत नाही.

‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने घडली. २००५ च्या चौथ्या भागाचे नियम पायथन आणि एक्सएमएल या वाचता येणाऱ्या भाषांत होते आणि २००६ मध्ये गेमच्या गाभ्याचा सोर्स कोडही खेळाडूंना मिळाला. त्यातून ‘फॉल फ्रॉम हेवन’ जन्मला, ‘राइज अँड फॉल’ जन्मला, आणि २००७ च्या ‘बियाँड द स्वोर्ड’ या विस्तारात कंपनीने असले मॉड स्वतःच समाविष्ट केले. मॉडर म्हणून सुरुवात केलेला जॉन शेफर पाचव्या भागाचा मुख्य रचनाकार झाला. त्या पाचव्या भागाचा गाभा मिळायला २०१२ उजाडलं, पण मिळाला, आणि त्यावरच ‘व्हॉक्स पॉप्युली’ हा प्रचंड मॉड आजही चालतो. सहावा भाग २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आला. अवजारं २०१७ च्या फेब्रुवारीत मिळाली. गाभा मिळालाच नाही. नवी संस्कृती, नवा नेता, नव्या इमारती, हे सगळं करता येतं. संगणक विचार कसा करतो ते मुळातून बदलता येत नाही. मराठे घालता येतील, पण गनिमी कावा शिकवता येणार नाही.

कंपन्या असं का करतात याचं सर्वांत आवडतं उत्तर म्हणजे पैसा. सैन्य, सत्ता, नेते हे सगळं आता वेगवेगळ्या पुड्यांत विकलं जातं. फुकटातला मॉड त्या दुकानासमोर हातगाडी लावतो. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण तेवढंच कारण धरलं तर गणित जुळत नाही, कारण मॉड भरपूर असलेले गेम जास्त वर्षं विकले जातात हेही कंपन्यांना ठाऊक आहे. दुसरी कारणं कमी चमकदार आहेत. गेममध्ये बाहेरून परवान्यावर घेतलेले भाग असतात, ते उघडे करून देण्याचा हक्क नसतो. ऑनलाइन खेळताना दोघांच्या फाइली जुळल्या नाहीत तर सामना तुटतो. आणि आतली अवजारं ही आतल्याच माणसांसाठी केलेली असतात. दोन टेबलं पलीकडे बसलेल्याला विचारून चालवायची. ती बाहेर द्यायची तर कोणीतरी महिनोन्महिने बसून नीट करावी लागतात, आणि ते काम गेम विकून झाल्यावरच्या यादीत कायम शेवटी असतं.

विश्वास मात्र दुसरीकडच्या घटनांनीही उडाला. ‘वॉरक्राफ्ट ३’ च्या एडिटरमधून ‘डोटा’ निघाला आणि त्यातून गेमचा एक नवा प्रकारच जन्मला. जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ ची नवी आवृत्ती आली तेव्हा अटींमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की खेळाडूंनी बनवलेले नकाशे ही कंपनीची मालमत्ता. त्यानंतर कुठल्याही नव्या एडिटरची घोषणा झाली की लोक आधी बारीक अक्षरं वाचतात.

आता उलट उदाहरण, कारण ते नसतं तर ही सगळी तक्रार हवेतली ठरली असती. २०१३ च्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मध्ये खानदेश आहे. स्वतंत्र राज्य म्हणून, खेळायला मोकळा. गेम १४४४ मध्ये सुरू होतो, म्हणजे फारुकी घराण्याचा काळ. थाळनेर मागे पडून राजधानी बऱ्हाणपूरला गेलेली. आणि नकाशा? पुन्हा तेच जुनं रंगीत चित्र. प्रत्येक प्रांताला स्वतःचा रंग, शेजारी तक्त्यात त्या रंगाचे तीन आकडे.

चोपड्याच्या त्याच मित्राने २०१७ च्या उन्हाळ्यात, नेट स्वस्त झाल्यावर, तापीच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा खानदेश वेगळा केला. मऊ कडांचा ब्रश वापरायचा नाही, पेन्सिलच वापरायची, नाहीतर दोन रंगांच्या मध्ये तिसरा उमटतो आणि गेम त्याला अनोळखी प्रांत समजतो, हे त्याला तीन रात्रींनी कळलं. मग तक्त्यात नवी ओळ, प्रांतांच्या कमाल संख्येत एकाची वाढ, इतिहासाची नवी फाइल. मालक, धर्म, संस्कृती, पीक. पिकाच्या यादीत केळी नव्हती. त्याने कापूस लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चालेल, तोही आपलाच.

चौथ्या रात्री लळिंगच्या बाजूचा प्रांत वेगळ्या रंगात उघडला. बांध हलला होता. मग त्याला नावं देवनागरीत हवी झाली. त्या गेमची अक्षरं ही ठरावीक युरोपी अक्षरांची छोटी चित्रं असतात, जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवणारं त्यात काही नाही. चिनी-जपानी खेळाडूंना त्यासाठी गेमच्या गाभ्यातच बाहेरून तुकडा घुसवावा लागला होता. आमच्या प्रांताच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली. त्याने ती मोजली, रोमनमध्ये नाव परत टाकलं, आणि फौज अशीरगडाकडे काढली.