शाम्पूचा अर्धा डाव पाणी ओतल्यावर

कंडिशनर मिसळलेल्या शाम्पूत एक गोम आहे. केस मऊ करणारा घटक बाटलीत असतो, फेसातही असतो, पण केसांवर तो मुख्यतः बसतो आपण शाम्पू धुऊन काढत असताना!

हा घटक बहुधा गवारीच्या बियांतला डिंक किंवा सेल्युलोज. दोन्ही शर्करेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या, म्हणजेच नैसर्गिक बहुवारिकं. त्यांना रासायनिक प्रक्रियेने धन प्रभार जोडलेला असतो. सोबतीला सर्फॅक्टंट, म्हणजे मळ काढणारे, फेस करणारे रेणू. त्यांचं ऋण प्रभाराचं डोकं पाण्यात रमतं, शेपूट पाणी टाळतं. प्रमाण पुरेसं वाढलं की शेपट्या आत घेऊन ते गोळे करतात, हे ‘मिसेल’. सोडियम डोडेसिल सल्फेट (एसडीएस) या नेहमीच्या सर्फॅक्टंटला त्यासाठी साध्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2.3 ग्रॅम लागतात.

पण पाण्यात विरुद्ध प्रभाराची साखळी असली, तर कितीतरी कमी प्रमाणातही गोळे जमतात. साखळीवर ते माळेतल्या मण्यांसारखे बसतात. दोघांचे प्रभार एकमेकांना जवळपास फेडतात, तेव्हा द्रावण गढूळ होतं आणि त्यातून दाट, चिकट द्रव वेगळा होतो. याला कोअॅसर्व्हेट म्हणतात. सर्फॅक्टंट आणखी वाढवला, तर साखळीवर ऋण प्रभाराची बाजू वरचढ होते आणि सगळं पुन्हा विरघळतं. बाटलीतला शाम्पू असाच, सर्फॅक्टंटची रेलचेल असल्यामुळे नितळ. पाणी ओतलं की साखळीवरचे काही रेणू सुटतात, प्रभार फिटतो, कोअॅसर्व्हेट बाहेर पडतं आणि केसांवर चिकटतं. जाताना शाम्पूतल्या सिलिकोनचे थेंबही सोबत नेतं.

प्रभार सारखेच असले, तर सहसा फारसं काही घडत नाही. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट आणि एसडीएस दोन्ही ऋण. एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. प्रथिनांचं मात्र वेगळं. एसडीएसची शेपटी त्यांच्या पाणी टाळणाऱ्या भागांना धरते आणि घडी उलगडते. ग्रॅमभर प्रथिनाला साधारण 1.4 ग्रॅम एसडीएस चिकटतं. प्रयोगशाळेत प्रथिनं आकारानुसार वेगळी करायला हे फार सोयीचं. त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाशीही एसडीएस असंच जोडलं जातं, म्हणून कडक साबणाने हात रखरखतात.

प्रयोग करणाऱ्यांना सतावते ती दुसरीच गोष्ट. तेच घटक, तेच प्रमाण, पण कोण कशात आणि किती झपाट्याने ओतलं यावरून गुठळ्या वेगळ्या निघतात, आणि कित्येकदा दिवसेंदिवस तशाच राहतात.