फोन खिशात, धावपळ ९११ची

अमेरिकेत सिनसिनाटीजवळ किंग्ज आयलंड नावाचं मनोरंजन उद्यान आहे. २०२२ साली तिथल्या रोलर कोस्टरवर बसलेल्यांच्या खिशातून ९११ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन मदत क्रमांकाला, फोन जाऊ लागले. पलीकडे ऐकू यायचा गडगडाट आणि किंकाळ्या. माणसं मजेत ओरडत होती. त्यांच्या नव्या आयफोन १४ची मात्र गाडी धडकल्याची खात्री पटली होती.

बिचाऱ्या फोनचं फारसं चुकलं नव्हतं. त्यातला त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाच्या २५६ पटींपर्यंतचे धक्के मोजतो. वेग जीपीएसवरून कळतो, मोठा आवाज मायक्रोफोन टिपतो, आणि एअरबॅग उघडल्यावर बंद गाडीत हवेचा दाब बदलतो तोही त्याला जाणवतो. बऱ्याच खुणा जुळल्या की फोन वाजतो, थरथरतो, उलटी मोजणी करतो. कोणी थांबवलं नाही, तर फोन लावतो. जाड जॅकेटच्या आतल्या खिशातली ही थरथर बर्फावरून घसरत जाणाऱ्याला कळणार कशी? कोलोराडोच्या स्की-केंद्रांजवळच्या नियंत्रण कक्षांना त्या हिवाळ्यात हाच त्रास झाला. धक्क्याची मर्यादा वाढवली तर असे फोन घटतील, पण दरीत बेशुद्ध पडलेला एखादा खरा अपघातग्रस्तही सुटेल. ॲपलने पुढच्या अपडेट्समध्ये गणित सुधारलं. ते शंभर टक्के अचूक होणं शक्य नाही.

मग जबाबदार कोण? खोट्या कॉलविरुद्धचे कायदे साधारणपणे हेतू पाहतात. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ला माहिती खोटी असल्याची जाणीव लागते. रोलर कोस्टरवर बसलेल्याला ती नसते, आणि फोनला तर मनच नाही. कंपनीला नुकसानभरपाईसाठी कोर्टात खेचायचं, तर खऱ्या रुग्णाकडे निघालेली रुग्णवाहिका त्याच चुकीच्या कॉलमुळे उशिरा पोचली हे सिद्ध करावं लागेल, आणि ते महाकठीण. त्यामुळे भुर्दंड पडतो तो नियंत्रण कक्षावर, म्हणजे करदात्यावर. मला हे अन्यायाचं वाटतं: वैशिष्ट्य विकून नफा कमावणाऱ्याने त्यातला थोडा भार उचलायला हवा.

नुसत्या बटणानेही हे घडतं. पॉवर बटण पाच वेळा दाबलं की मदत मागणारी अँड्रॉइडची सोय २०२३मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या ९९९ सेवेला नकोशी झाली होती. भारतातही २०१७पासून विकल्या जाणाऱ्या फोनवर पॅनिक बटणाची सोय सक्तीची आहे.

चुकून फोन लागला की बहुतेक जण घाबरून कट करतात. ब्रिटिश पोलिसांनी नेमकं उलटं सांगितलं: लाइनवर थांबा, चूक झाली म्हणा. कारण कट झालेल्या कॉलमागे ओशाळलेला माणूस आहे, की हातातून फोन हिसकावला गेलेला, हे पलीकडच्या कर्मचाऱ्याला परत फोन लावूनच शोधावं लागतं.