खिसा एक सांगतो, पक्ष दुसरंच

अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ १९४६ पासून एक सर्वेक्षण चालवतं. देशभरातल्या काहीशे लोकांना दर महिन्याला घरच्या पैशाअडक्याबद्दल विचारायचं आणि त्यावरून ग्राहकांच्या विश्वासाचा निर्देशांक काढायचा. हा आकडा आला की वॉल स्ट्रीटवर हालचाल होते आणि आपल्याकडच्या अर्थविषयक बातम्यांतही तो अधूनमधून झळकतो.

निर्देशांक उभा आहे तो पाच साध्या प्रश्नांवर. वर्षभरापूर्वीपेक्षा तुमच्या घरची आर्थिक स्थिती सुधारली की बिघडली? वर्षभराने कशी असेल? देशातल्या उद्योगधंद्यांना येतं वर्ष कसं जाईल? आणि पुढची पाच वर्षं? फ्रिज, टीव्ही, फर्निचर अशा मोठ्या वस्तू घ्यायला सध्याचा काळ चांगला आहे का?

यातल्या कुठल्याच प्रश्नात राजकारणाचा शब्द नाही. तरीही व्हाइट हाउसमधला माणूस बदलला की उत्तरं उलटीपालटी होतात. २०१६ ची निवडणूक डोनाल्ड ट्रम्प जिंकले आणि रिपब्लिकन मतदारांना अर्थव्यवस्था अचानक उजळलेली दिसू लागली, डेमोक्रॅट मतदारांना अंधारलेली. २०२० मध्ये जो बायडन जिंकले तेव्हा याच्या बरोबर उलट झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा तेच, आणि तेही ट्रम्प यांनी शपथ घेण्याच्या दोन महिने आधी. पगार तेच, व्याजाचे हप्ते तेच, दुकानातले भावही जवळपास तेच. पाचपैकी तीन प्रश्न पुढच्या काळाबद्दलचे आहेत हे इथे महत्त्वाचं आहे. पुढचं कोणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे तिथे पक्षाला मोकळं रान मिळतं.

पण झालेल्या गोष्टींबद्दल तरी एकमत होतं का? राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टेल्स यांनी १९८८ च्या एका मोठ्या मतदार सर्वेक्षणाची उत्तरं तपासली. रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत महागाई वाढली की कमी झाली, असा त्यात प्रश्न होता. १९८० मध्ये महागाईचा दर १३ टक्क्यांच्या वर होता, १९८८ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास. इतकी मोठी घसरण क्वचितच पाहायला मिळते. तरीही कट्टर डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी महागाई वाढली असं सांगितलं. हे डेमोक्रॅटांचंच वैशिष्ट्य आहे असं मात्र नाही. डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या काळात सरकारी तूट वाढली असं म्हणणाऱ्यांत रिपब्लिकन अधिक असतात, आणि प्रत्यक्षात १९९८ मध्ये अमेरिकेचा अर्थसंकल्प शिलकीत गेला होता.

अशा आकड्यांवरून 'दोन पक्षांचे लोक दोन वेगळ्या जगांत राहतात' असा निष्कर्ष काढायची सवय आपल्याला लागली आहे. मला तो घाईचा वाटतो, कारण माणूस जे बोलतो ते त्याला मनापासून वाटतंच असं नाही.

जॉन बुलक, ॲलन गर्बर, सेथ हिल आणि ग्रेगरी ह्यूबर यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच प्रश्नाला भिडतात. त्यांनी महागाई, बेरोजगारी, युद्धातले बळी अशा पक्षीय रंग चढलेल्या विषयांवर वस्तुनिष्ठ प्रश्न विचारले. काही जणांना नुसतंच विचारलं, काहींना बरोबर उत्तराबद्दल छोटीशी रक्कम देऊ केली. एवढ्यानेच दोन पक्षांच्या उत्तरांमधली दरी सुमारे ६० टक्क्यांनी आटली. मग त्यांनी आणखी एक मुभा दिली: 'माहीत नाही' असं प्रामाणिकपणे सांगितलं तरी थोडे पैसे मिळतील. दरी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

या शेवटच्या पायरीवर थोडं थांबायला हवं. फुकटात विचारलं तेव्हा ठासून बोलणाऱ्या अनेकांना उत्तर मुळात ठाऊकच नव्हतं. अज्ञानाची ती रिकामी जागा पक्षाने भरली होती. मैदानात आपल्या संघासाठी घसा फोडून ओरडावं, तशी ती उत्तरं होती. अर्थात, पैसे दिसल्यावर काहींनी संशोधकांना हवं असेल ते उत्तर दिलं असण्याची शक्यता उरते आणि ती नजरेआड करू नये.

पण दुसरा पुरावाही त्याच दिशेने बोट दाखवतो. आतिफ मियां आणि अमीर सुफी यांनी सहकाऱ्यांसोबत लोकांच्या प्रत्यक्ष खर्चाची आकडेवारी पाहिली. आपला पक्ष जिंकल्यावर अर्थव्यवस्थेबद्दलची आशा प्रचंड वाढते, खर्चात मात्र तिचं म्हणण्यासारखं प्रतिबिंब पडत नाही. सगळं बेस होणार असं सांगणारा माणूस त्या भरवशावर नवी गाडी उचलत नाही. आणि चटका खरोखर मोठा असला की पक्षही बाजूला पडतो. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, पेट्रोलने गॅलनला पाच डॉलर ओलांडले आणि मिशिगनचा निर्देशांक ५० या तोवरच्या नीचांकावर आला. तेव्हा अध्यक्ष डेमोक्रॅट होते, तरी डेमोक्रॅटांचाही विश्वास ढासळला होता.

म्हणजे स्वतःचा अनुभव पोहोचतो तिथे पक्षाचं फार काळ चालत नाही. तो पोहोचत नाही तिथे काय होतं, हे पाहायला माध्यमांकडे वळावं लागतं.

टीव्हीचा परिणाम मोजणं अवघड असतं, कारण फॉक्स न्यूज पाहणारे मुळातच रिपब्लिकन विचारांचे असू शकतात. ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी यावर सुरेख वाट काढली. अमेरिकेत केबलवर फॉक्स न्यूजचा क्रमांक गावागणिक वेगळा असे आणि तो तिथल्या राजकारणावरून ठरलेला नव्हता. क्रमांक यादीत आधीचा, म्हणजे लहान असला की रिमोटने चॅनेल बदलता बदलता लोक तिथे जास्त थांबत. जणू चिठ्ठ्या टाकूनच कोणी काय पाहायचं ते ठरलं होतं. त्या फरकावरून त्यांनी २०१७ मध्ये मांडलेला हिशेब असा: आठवड्याला अडीच मिनिटं जास्त फॉक्स पाहिलं की रिपब्लिकन मतांत ०.३ टक्का-बिंदूंची भर. आकडा किरकोळ वाटतो, पण अटीतटीच्या राज्यांचे निकाल याच मापाच्या फरकाने लागतात.

सप्टेंबर २०२० मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला यांनी तर नेहमीच्या फॉक्स प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन ही वेगळ्या कलाची वृत्तवाहिनी पाहायला लावलं. कोविडपासून टपाली मतदानापर्यंत त्यांच्या काही समजुती बदलल्या. पैसे थांबल्यावर मंडळी फॉक्सकडे परतली आणि परिणाम विरून गेला.

आता निवडणुकीकडे या. मतमोजणी हा असा विषय आहे की तिथे कोणाचाच अनुभव पोहोचत नाही. भाजी महागली हे पिशवी उचलताना कळतं, पण शेजारच्या राज्यात लाखो मतपत्रिका नीट मोजल्या की नाही हे घरबसल्या कसं कळणार? ऐकीव माहितीवरच भिस्त ठेवावी लागते. जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू रिसर्च सेंटरने २०२० च्या निवडणुकीनंतर विचारलं तेव्हा निवडणूक नीट पार पडली असं मानणारे बायडन यांचे मतदार ९४ टक्के होते, ट्रम्प यांचे फक्त २१ टक्के. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले आणि त्यांच्या मतदारांतला हा आकडा ९३ टक्क्यांवर गेला. डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांच्या मतदारांचा ८४ टक्के होता, म्हणजे पराभूत झाल्यावरही फार घसरला नाही. हरणाऱ्यांचा विश्वास कमी होणं नेहमीचंच. २०२० मध्ये तो कोसळला, कारण नेत्यांनी आणि वाहिन्यांनी गैरव्यवहाराची कथा सतत सांगितली. जॉर्जियात सुमारे ५० लाख कागदी मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या गेल्या, बायडनच जिंकले. तिथलं प्रशासन रिपब्लिकनांच्याच हाती होतं. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने बदनामीचा दावा केला, तेव्हा फॉक्सने एप्रिल २०२३ मध्ये ७८.७५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

इथेही ही नुसती घोषणाबाजी असेल का? मॅथ्यू ग्रॅहम आणि ओमर याइर यांनी तेच तपासलं. पैशाचं आमिष दाखवलं, खरं सांगण्याचं आवाहन केलं, आणखीही युक्त्या वापरल्या. गैरव्यवहार झाला असं म्हणणाऱ्यांची संख्या फारशी घटली नाही. बहुतेकांना ते खरोखरच वाटत होतं. महागाईच्या उत्तरांपेक्षा मला हे कितीतरी जास्त चिंतेचं वाटतं.

म्हणूनच ऑगस्ट २०२५ मधली एक घटना मला साधी प्रशासकीय बदली वाटत नाही. रोजगाराचे आकडे कमकुवत आले, आधीच्या दोन महिन्यांचे आकडेही एकूण २ लाख ५८ हजारांनी खाली आणले गेले, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी श्रम सांख्यिकी विभागाच्या प्रमुख एरिका मॅकएंटार्फर यांना पदावरून काढलं. आकडे फिरवल्याचा आरोप केला, पुरावा दिला नाही. अशी दुरुस्ती दर महिन्याला होते. हा विभाग सव्वा लाखाच्या आसपास उद्योग आणि सरकारी कार्यालयांकडून माहिती मागवतो, सगळ्यांची उत्तरं वेळेत येत नाहीत, उशिरा आलेली जमेस धरून आकडा सुधारला जातो. बुलक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात कोणाला पैसे द्यायचे हे ठरवता आलं, कारण बेरोजगारीचं बरोबर उत्तर याच विभागाच्या तक्त्यात होतं आणि दोन्ही पक्षांना ते मान्य होतं.