वर्तुळाचे क्षेत्रफळ, व्यासावरून

व्यासाच्या वर्गाला ‘पाय’ने (π, म्हणजे परीघ व व्यास यांच्या गुणोत्तराने) गुणून चाराने भागले असता वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते. शाळेत त्रिज्येचे सूत्र शिकवतात. पण सळई किंवा नळी मोजताना हाती लागतो तो व्यास, त्यामुळे व्यवहारात व्यासाच्या वर्गाला ०.७८५४ ने गुणणे सोयीचे पडते. बांधकामावर सळईचे दर मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये काढण्यासाठी मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागतात, तेही याच सूत्रात पोलादाची घनता मिसळून.

ईजिप्तमधील आहमोस याच्या पपायरसात (नक्कल इ. स. पू. सु. १६५०) व्यासाचा नववा भाग वजा करून उरलेल्याचा वर्ग करण्याची रीत आहे. ९ व्यासाला ६४ हे उत्तर येते, ते खऱ्यापेक्षा सु. ०.६ टक्क्याने जास्त. बौधायन शुल्बसूत्रात (यज्ञवेदींच्या रचनेचा भूमितिग्रंथ; काळ अनिश्चित, बहुधा इ. स. पू. ८०० ते ५००) व्यासाचे १५ भाग करून त्यांपैकी १३ भागांची बाजू घेऊन चौरस करावा, अशी एक स्थूल रीत आढळते, तीत क्षेत्रफळ चार टक्क्यांहून अधिक कमी भरते. आर्किमिडीज याने वर्तुळ व व्यासावरील चौरस यांचे गुणोत्तर ११ : १४ दिले.

आर्यभटाने (४९९) निम्मा परीघ गुणिले निम्मा व्यास हा अचूक नियम दिला आणि २०,००० व्यासाला ६२,८३२ हा परीघ ‘आसन्न’ (जवळपासचा) म्हणून सांगितला. संक्षेपाने हा अपूर्णांक ३९२७/१२५० होतो. त्याचा उगम वादग्रस्त आहे. व्यासासाठी घेतलेल्या अयुतांवरून (दहा हजारांवरून) काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी ग्रीक मूळ सुचवले, पण एवढा आधार तोकडा वाटतो. ‘नऊ प्रकरणे’ या प्राचीन चिनी गणितग्रंथावरील ल्यू ह्वे या गणितज्ञाच्या भाष्यातही हाच अपूर्णांक येतो; मात्र तो भाग त्याचाच की नंतरच्या हाताचा, यावर एकमत नाही. हे मान ३८४ बाजूंच्या बहुभुजापर्यंत बाजू दुप्पट करत जाऊन मिळाले, हे स्पष्टीकरण सोळाव्या शतकातील टीकाकार गणेश दैवज्ञाचे आहे. ते आर्यभटानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेले असल्याने त्याला तर्क मानणेच बरे. ब्रह्मगुप्ताने (६२८) पायचे सूक्ष्म मान म्हणून दहाचे वर्गमूळ घेतले, जे आर्यभटाच्या मानाहून बरेच स्थूल आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) परिघाची पायरी गाळून थेट व्यासावरून क्षेत्रफळ काढले आहे : व्यासाचा वर्ग गुणिले ३९२७ भागिले ५००० हे सूक्ष्म फल, तर ११ ने गुणून १४ ने भागल्यास व्यवहारापुरते स्थूल फल. व्यास ७ असता पहिल्याने ३८ पूर्णांक २४२३/५००० आणि दुसऱ्याने साडेअडतीस येतात. १०० मीटर व्यासाच्या मैदानावर स्थूल रीत सु. ३ चौ.मी. जास्त दाखवते, सूक्ष्म रीतीची चूक ०.०२ चौ.मी.च्या आत राहते.

निम्मा परीघ गुणिले निम्मा व्यास या नियमाची उपपत्ती कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत (१५४५) दिली. वर्तुळाचे दोन अर्ध करून प्रत्येकाचे केंद्रापासून सुईसारखे निमुळते तुकडे पाडावेत व ते एकमेकांत बसवावेत. निम्मा परीघ लांब आणि निम्मा व्यास रुंद असा आयत होतो. तुकडे कितीही बारीक केले तरी कड किंचित वक्र राहते. सीमेची कल्पना (तुकडे अनंत बारीक होत गेल्यास आकृती आयताला जाऊन मिळते, ही) येथे गृहीतच आहे. मल्याळममधील ‘युक्तिभाषे’तही (सु. १५३०) असाच युक्तिवाद आहे.

पाय अपरिमेय असल्याचे लांबर्टने अठराव्या शतकात, तर बीजातीत (पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे मूळ नसलेला) असल्याचे लिंडेमानने १८८२ मध्ये सिद्ध केले; त्यामुळे केवळ पट्टी व कंपास यांनी वर्तुळाएवढा चौरस काढता येत नाही.